निर्वासितांच्या वसाहती, कागदपत्रं आणि शेजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळचा तिबेट कॅम्प, त्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यातली अरुणनगर, गौरनगर ही बंगाली गावं आणि गडचिरोलीतल्या चामोर्शी-मुलचेरा पट्ट्यातल्या बंगाली वसाहती इथून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते या पानावर घेतले आहेत. विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक, वसाहतीतली तरुण मुलंमुली, ज्यांचा अर्ज कुठेतरी अडकलेला असतो. दुसरे, ज्यांच्या टेबलावर तो अर्ज पडून असतो ते, म्हणजे शिक्षक, सेतू केंद्रवाले, तलाठी, आशाताई. उत्तरं दोघांसाठी आहेत.

हे लोक कोण, आणि इथे कधी आले?

दोन समाज, दोन इतिहास. तिबेटी लोक १९५९ नंतर भारतात आले. दलाई लामा त्या वर्षी मार्चअखेर सरहद्द ओलांडून तवांगकडे उतरले आणि त्यांच्या मागोमाग हजारो कुटुंबं आली. गोठणगाव-प्रतापगडजवळची नोरग्येलिंग वसाहत १९७२ मध्ये वसली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये झाला, पण हिमाचलातल्या धर्मशाळा गावातून चालणाऱ्या निर्वासित तिबेटी प्रशासनाच्या कागदांवर वसाहतीचं नाव अजून 'भंडारा'च चालतं. पत्ता जुळत नाही म्हणून परत आलेले अर्ज पाहिले तर त्यातले काही याच एका शब्दावर अडकलेले सापडतात.

बंगाली कुटुंबं पूर्व पाकिस्तानातून आली. सरकारी भाषेत त्यांचे तीन गट होते: ३१ मार्च १९५८ पर्यंत आलेले जुने, १ एप्रिल १९५८ ते ३१ डिसेंबर १९६३ मधले, आणि १ जानेवारी १९६४ ते २५ मार्च १९७१ मध्ये आलेले नवे. रायपूरजवळच्या माना कॅम्पात ठेवून पुढे दंडकारण्य या पुनर्वसन प्रकल्पात आणि तेव्हाच्या चांदा (आताचं चंद्रपूर) व भंडारा जिल्ह्यांत त्यांना पाठवलं गेलं. कुटुंब या तीनपैकी कोणत्या गटातलं, हे घरच्या म्हाताऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवा. पुढचे अर्धेअधिक प्रश्न त्यावर अवलंबून आहेत.

'निर्वासित' म्हणावं की 'शरणार्थी'?

कागदावर दोन्ही चालतात. तोंडावर कुठलाच नको. साठ वर्षांपूर्वी आलेल्या माणसाच्या नातवाला 'निर्वासिताचं पोरगं' म्हणणं म्हणजे त्याला अजून कॅम्पातच बसवून ठेवणं. गावाच्या नावाने ओळखा: अरुणनगरचे मंडल, कॅम्पातल्या डोलमाताई.

भारतात निर्वासितांसाठी वेगळा कायदा आहे का?

नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताची सही नाही, आणि देशात निर्वासितांचा असा स्वतंत्र कायदा नाही. तिबेटी, पूर्व बंगालचे, श्रीलंकेचे तमिळ, प्रत्येक गटासाठी वेगवेगळे आदेश निघत आले. मात्र जीविताचं संरक्षण देणारं संविधानाचं कलम २१ नागरिक नसलेल्यांनाही लागू आहे. चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे स्पष्ट केलं. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू झाला आणि १९४६ च्या कायद्यासह जुने चार कायदे गेले. त्यामुळे जुन्या कलमांचे आकडे लिहिलेले छापील नमुने आता वापरू नका.

अफगाणिस्तान किंवा म्यानमारहून नव्याने आलेला एखादा माणूस गावात भेटला, तर त्याची नोंदणी तहसीलमध्ये होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचं दिल्लीतलं कार्यालय ते काम करतं. तोवर पोलीस ठाण्यात त्याची माहिती देणं आणि त्याचे कागद कुणी काढून घेणार नाही एवढं पाहणं, हे दोन्ही करायचं.

ऑनलाइन अर्जात तिबेटी माणसाचं आडनाव काय लिहायचं?

सगळ्यात जास्त अर्ज इथेच नासतात, म्हणून जरा सविस्तर.

बहुतेक तिबेटी नावांत आडनाव नसतंच. 'तेन्झिन डोलमा' यात तेन्झिन हे पहिलं नाव आणि डोलमा हेही नावच. बाप 'कर्मा दोरजे' असेल तरी मुलगी दोरजे होत नाही, आणि भाऊ 'तेन्झिन नोरबू' असू शकतो. नाव बहुधा लामांकडून मागून घेतात. दलाई लामांचं स्वतःचं नाव तेन्झिन ग्यात्सो असल्यामुळे त्यांच्याकडून आलेल्या नावाची सुरुवात तेन्झिनने होते. एकाच वर्गात सात तेन्झिन असले तर हजेरीचा घोटाळा समजू नये. वारांवरूनही नावं असतात: दावा सोमवारची, ल्हाक्पा बुधवारची, पासांग शुक्रवारची, न्यिमा रविवारची.

आपल्याकडचा फॉर्म मात्र स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या साच्यातला. ऑपरेटर घाईत तेन्झिन कर्मा डोलमा असं जुळवतो. पुढच्या कागदावर तेन्झिन डोलमा दोरजे होतं. तिसऱ्यावर नुसतं तेन्झिन. पाच वर्षांत एका मुलीच्या तीन मुली होतात, आणि बँक म्हणते, या तिघींपैकी खरी कोणती ते सिद्ध करा.

असं करा. नावाचा पहिला भाग पहिल्या रकान्यात, दुसरा भाग आडनावाच्या रकान्यात, मधला रकाना रिकामा. मधला रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नसेल, तर वडिलांचं नाव घालण्याआधी नोंदणी प्रमाणपत्रावर किंवा जन्मदाखल्यावर काय आहे ते पाहा आणि अक्षर न अक्षर तेच उतरवा. इंग्रजी स्पेलिंगही तिथलंच. तेन्झिन कुणी झेडने लिहितं, कुणी एसने, कुणी शेवटी जी लावतं. उच्चार सारखाच येतो, पण संगणकाला ती तीन माणसं दिसतात.

बंगाली नावांत काय चुकतं?

तिथे आडनाव असतं, पण ते मराठी कानाने लिहिलं जातं. बिस्वासचं विश्वास होतं. मंडल, मोंडल, मण्डल असे तिन्ही प्रकार एकाच घरात सापडतात. बायकांच्या नावातलं 'बाला' आणि 'रानी' कधी येतं, कधी गळतं: शाळेत सुमित्राबाला, आधारवर सुमित्रा. वर लग्नानंतर आपल्याकडच्या चालीप्रमाणे नवऱ्याचं नाव मध्ये घुसतं. बंगाली रीतीत ते नव्हतंच.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी खुंटा ठरवा, म्हणजे कुटुंबातला सर्वांत जुना आणि दुसऱ्या कुणी लिहिलेला कागद: शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर किंवा जन्मनोंद. त्यानुसार आधार, मग पॅन, मग बँक. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. 'चला, आधी आधार करून टाकू' म्हणून एक संधी वाया घालवणारे फार. मूळ रजिस्टरमध्येच चूक असेल, तर मूल शाळेत असतानाच ती दुरुस्त करून घ्या. शाळा सोडल्यावर प्रकरण शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जातं. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरताना पालकांना बोलावून नाव मोठ्याने वाचून दाखवणं, एवढं जरी वर्गशिक्षकांनी केलं तरी पुढची दहा वर्षं वाचतात. सगळंच विस्कटलं असेल तर राजपत्रात नाव प्रसिद्ध करावं लागतं. तो शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

वयात दोन-दोन वर्षांचा फरक कसा येतो?

जुन्या तिबेटी मोजणीत मूल जन्मतःच एक वर्षाचं धरतात आणि लोसार, म्हणजे नववर्ष, आलं की सगळ्यांचं वय एकाने वाढतं. लोसारच्या आठवडाभर आधी जन्मलेलं बाळ आठवड्यात दोन वर्षांचं होतं. ज्येष्ठांची वयं अशीच सांगितली गेली आणि लिहिणाऱ्याने जन्मतारीख म्हणून १ जानेवारी लिहून टाकली. बंगाली घरांत कारण वेगळं. जन्म वाटेत किंवा कॅम्पात झाला, नोंदच नाही. हा घोटाळा उघड होतो तो निवृत्तिवेतनाच्या वेळी, श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षं पूर्ण दाखवायची असतात तेव्हा.

जन्माची नोंद एक वर्षाहून जुनी राहिली असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय ती होत नाही, आणि महाराष्ट्रात २०२५ पासून ही तपासणी फार कडक झाली आहे. शाळेचा उतारा, लसीकरणाची नोंद, जुनं रेशन कार्ड असं काहीतरी जोडल्याशिवाय नुसत्या प्रतिज्ञापत्रावर अर्ज टाकू नका. दलालाकडून 'करून घेतलेला' दाखला रद्द झाला तर गुन्हा नोंदवला जाण्याची भीतीही असते.

तिबेटी मुलाचं नोंदणी प्रमाणपत्र कधी आणि कसं काढायचं?

सोळा पूर्ण झाल्यावर. ज्याला वसाहतीत सगळे 'आरसी' म्हणतात तेच हे. अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या परदेशी नोंदणी शाखेकडे जातो. जन्मदाखला, आईवडिलांच्या आरसीच्या प्रती, वसाहत कार्यालयाचं पत्र, ग्रीन बुक, शाळेचा बोनाफाईड, फोटो हे आधीच जमवा. ग्रीन बुक हे तिबेटी प्रशासनाला दिलेल्या वार्षिक वर्गणीचं पुस्तक आहे. भारत सरकारच्या लेखी ते ओळखपत्र नव्हे, पण पुरावा म्हणून उपयोगी पडतं.

चुकतं कुठे? मूल धर्मशाळा गावातल्या किंवा मसुरीच्या निवासी शाळेत असतं, सोळावं तिकडेच लागतं, आणि आईवडिलांना वाटतं सुटीत पाहू. सुटी थंडीत येते. थंडीत आईवडील स्वेटर विकायला शहरात. पोलीस पडताळणीला येतात तर घराला कुलूप, शेरा पडतो 'आढळून आले नाहीत'. म्हणून पंधरावं लागलं की कागद जमवायला घ्या. नूतनीकरणाचंही तसंच. दिवाळीनंतर मुदत संपणार असेल तर गणपतीतच अर्ज टाका. घर बंद ठेवून जाताना वसाहत कार्यालयात शहराचा पत्ता आणि फोन लिहून द्या, आणि नोंदणी शाखेला ठरलेल्या रीतीने कळवा.

परदेशी जायचं तर पारपत्र नव्हे, 'आयसी' नावाची पिवळी पुस्तिका मिळते. ती असली तरी परत येण्याची परवानगी प्रवासाआधीच घ्यावी लागते. ती न घेता गेलेला माणूस परतीच्या विमानतळावर अडकतो.

इथेच जन्मलेला तिबेटी भारतीय नागरिक असतो का?

२६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस, आईवडील कोणीही असोत, जन्माने नागरिक आहे. १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४ मध्ये जन्मलेल्याचे आई किंवा वडील नागरिक असावे लागतात. ३ डिसेंबर २००४ पासून एक पालक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला असावा लागतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये तिबेट्यांनाही हाच नियम लागू केला. निवडणूक आयोगानेही २०१४ मध्ये अशांची नावं मतदार यादीत घ्यायला सांगितलं.

मग सगळे पारपत्र का काढत नाहीत? २०१७ मध्ये सरकारने अटी घातल्या: आरसी आणि आयसी रद्द करून घ्या, वसाहतीत राहू नका, तिबेटी प्रशासनाचे लाभ घेऊ नका. म्हणजे पारपत्र हवं तर आजीचं घर सोडा. शिवाय अनेकांच्या मनात असं आहे की निर्वासित म्हणून राहणं हीच तिबेटची आठवण जिवंत ठेवण्याची रीत. नागरिकत्व घेणाऱ्याला कुणी फितूर म्हणू नये आणि न घेणाऱ्याला मूर्ख. एकाच घरात दोन भावंडांचे दोन निर्णय असतात. अर्ज करण्याआधी त्या वेळी लागू असलेल्या अटी पारपत्र कार्यालयात लेखी विचारा.

बंगाली कुटुंबांनी २०१९ च्या सुधारित नागरिकत्व कायद्याखाली अर्ज करावा का?

प्रत्येकाने नाही. हा कायदा बांगलादेश, पाकिस्तान, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती लोकांसाठी आहे. नियम ११ मार्च २०२४ ला आले. (तिबेटी यात नाहीत, चीन त्या यादीत नाही.) अर्जदार स्वतःच लिहून देतो की मी त्या देशातून आलो. ज्याचा जन्म १९८७ आधी इथला आहे, किंवा ज्याच्या आजोबांना साठ-सत्तरच्या दशकात नोंदणीने नागरिकत्व मिळालं आणि पुढची साखळी कागदावर शाबूत आहे, त्याने असं का लिहून द्यावं? घाबरून अर्ज टाकणाऱ्यांना आमचं सांगणं हेच: आधी घरातली ट्रंक उघडा.

खरी गरज असते ती उशिरा आलेल्यांना, २५ मार्च १९७१ नंतर नातेवाइकांकडे येऊन राहिलेल्यांना, ज्यांचं पुनर्वसन झालंच नाही. त्यांनी तीन गोष्टी जमवायच्या: मूळ देशाचा पुरावा (तिकडची जमिनीची पावती, शाळेचा दाखला, आईवडील किंवा आजोबांपैकी कुणाचा तिकडचा कागद), २०१४ अखेरच्या आत इथे आल्याचा पुरावा आणि धर्माबद्दल स्थानिक मान्यताप्राप्त संस्थेचं पत्र. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग जिल्हास्तरीय समितीपुढे मूळ कागद घेऊन हजर राहायचं आणि निष्ठेची शपथ घ्यायची.

जुने कागद कुठे मिळतील?

आधी घरात. माना कॅम्पचं कार्ड, सरहद्दीवर मिळालेली बॉर्डर स्लिप, पुनर्वसनाचं वाटपपत्र, कर्जाची पावती. या कागदांना तीन शत्रू: पावसाळ्यातली ओल, उधई आणि लॅमिनेशन. तिसरा सगळ्यात वाईट. तापलेल्या प्लास्टिकखाली जुनी शाई पसरते, शिक्का अंधुक होतो, आणि मागची बाजू, कागदाचा पोत तपासता येत नाही म्हणून अधिकारी तो नाकारतात. साध्या पारदर्शक पिशवीत, कडुलिंबाचा पाला शेजारी ठेवून, जमिनीपासून वर ठेवा. दोन्ही बाजूंचा स्कॅन करा. मागे लिहिलेला क्रमांक हाच अनेकदा फाईल शोधायचा धागा असतो.

घरात नसेल तर अभिलेख कक्ष. इथे एक गोम आहे. अर्जुनी मोरगावचे १९९९ पूर्वीचे कागद भंडाऱ्याला असू शकतात, आणि गडचिरोलीचे १९८२ पूर्वीचे चंद्रपूरला, कारण गडचिरोली जिल्हाच २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. 'आमच्याकडे नाही' हे उत्तर गोंदिया किंवा गडचिरोलीत मिळालं, तर ते खरं असतं, पण अपुरं असतं. जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी नकलेचा अर्ज द्या. तिथेही टाळाटाळ झाली तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. अर्जात 'आमचे सर्व कागद द्या' असं लिहू नका. गावाचं त्या काळचं नाव, कुटुंबप्रमुखाचं नाव सगळ्या स्पेलिंगांत, आणि अंदाजे वर्ष द्या.

सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' आहे. जमीन विकता येईल का?

जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय नाही. पुनर्वसनात मिळालेली जमीन अनेकदा वर्ग २ म्हणून नोंदलेली आहे. साध्या मुद्रांकावर कुणाला लिहून दिली तर घेणाऱ्याचे पैसे बुडतात आणि देणाऱ्यावर शर्तभंग लागतो. वारस नोंद मात्र करता येते आणि ती करायलाच हवी. तिसरी पिढी कसते आणि सातबारा आजोबांच्या नावावर, अशी अवस्था असली की पीक कर्ज, विमा, धानाचा बोनस सगळं अडतं. मृत्युदाखला, वारसांची यादी, सातबारा आणि आठ-अ घेऊन तलाठ्याकडे जा. मृत्युदाखल्यावरचं नाव मोंडल आणि सातबाऱ्यावरचं मंडल असेल तर पुन्हा वरच्या नावाच्या प्रश्नावर या.

तिबेटी वसाहतीची जमीन वेगळी. ती कुटुंबाच्या मालकीची नाही, तिथे विक्रीचा प्रश्नच येत नाही.

जंगलाकडेला काढलेली शेती वनहक्क कायद्यात बसेल का?

बंगाली कुटुंबांच्या बाबतीत, नाही. २००६ च्या कायद्यात आदिवासी नसलेल्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथल्या जंगलावर अवलंबून असल्याचं दाखवावं लागतं. साठच्या दशकात आलेल्याला ते अशक्य. दावा भरून देतो म्हणून पैसे घेणाऱ्यापासून दूर राहा. आदिवासीची जमीन बटईने किंवा तोंडी व्यवहाराने घेऊन पक्की करण्याचा खटाटोपही करू नका. गडचिरोलीत गोंड-माडिया आणि बंगाली गावांत जी अढी आहे, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा जमीनच असते.

नमःशूद्र जातीच्या बंगाली कुटुंबांना अनुसूचित जातीचा दाखला का मिळत नाही?

कारण जातींची यादी राज्यवार आहे. नमःशूद्र पश्चिम बंगालच्या यादीत आहेत, महाराष्ट्राच्या नाहीत. यादीत भर घालण्याचा अधिकार कलम ३४१ नुसार संसदेचा. तहसीलदार कितीही सहृदय असले तरी ते देऊ शकत नाहीत. एकाच होडीतून उतरलेल्या दोन भावांपैकी बंगालमध्ये राहिलेल्याच्या मुलाला शिष्यवृत्ती आणि चामोर्शीत आलेल्याच्या मुलाला खुला प्रवर्ग, हा अन्याय आहे असं आमचंही मत आहे. पण बंगालच्या नातेवाइकाचा दाखला जोडून इथे अर्ज केला तर तो फेटाळलाच जातो, वर मुलाच्या प्रवेशावर गदा येते. राज्याच्या कुठल्याच यादीत जात नसेल आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढा. नागरिकत्वाचे कागद मात्र पूर्ण हवेत.

स्वेटरचा धंदा कसा चालतो? त्यात पैसा मिळतो का?

कधी मिळतो, कधी बुडतो. पावसाळ्यात लुधियानाच्या व्यापाऱ्याकडे माल ठरवायचा, काही रक्कम रोख, उरलेली उधारी. ऑक्टोबरात शहरात जागा घ्यायची, दिवाळी ते संक्रांत विक्री, मग हिशेब चुकता करून लोसारला घरी. सगळी मदार थंडीवर. नोव्हेंबर उबदार गेला तर निम्मा हंगाम गेला, आणि डिसेंबरात थंडी पडली तरी तोवर गिऱ्हाइकाने मॉलमधून घेतलेलं असतं. उरलेला माल पुढच्या वर्षी जुन्या फॅशनचा होतो. व्याज मात्र थांबत नाही. याच कारणाने तरुण मुलं या धंद्यात यायला तयार नाहीत. कोणी बंगळुरूला नोकरीला, कोणी युरोप-अमेरिकेत. वसाहतीत उरतात आज्या.

त्या आज्यांना 'मोमो-ला' म्हणतात. 'ला' हा आपल्या 'जी'सारखा आदराचा प्रत्यय: वडील पाला, आई आमाला, शिक्षक गेनला. (खायच्या मोमोशी गल्लत होते, पण हाक मारली तर कुणी रागावत नाही.)

आशाताईंचा प्रश्न: क्षयाचा रुग्ण हंगामात शहरात निघून जातो. काय करायचं?

तिबेटी वसाहतींमध्ये क्षयरोगाचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे हा प्रश्न खरा आहे. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. सप्टेंबरात सुरू केला तर मधोमध स्वेटरचा हंगाम येतो. 'जाऊ नका' म्हणून उपयोग नाही, वर्षाची कमाई त्यात असते. निक्षय क्रमांक (सरकारच्या क्षयरुग्ण नोंदणीतला क्रमांक) रुग्णाच्या मोबाइलमध्ये आणि वहीत, दोन्हीकडे लिहून द्या. तो ज्या शहरात जाणार तिथल्या केंद्राकडे संगणकातून बदली करा आणि प्रवासापुरत्या गोळ्या हाती द्या. पोषणासाठीचे महिना हजार रुपये बँक खात्यात येतात. खात्याचं नाव आणि निक्षयमधलं नाव जुळत नसेल तर ते येत नाहीत. पुन्हा तेच तेन्झिन.

शाळेत बंगाली मुलं मराठीत मागे का पडतात?

घरी बंगाली, रस्त्यावर हिंदी, वर्गात मराठी, आणि मैदानावर झाडीबोली. पाठ्यपुस्तकातली मराठी ही त्यांची चौथी भाषा. पहिली-दुसरीत 'ळ' आणि 'ण' चुकतो, बंगालीत अ चा उच्चार ओ कडे झुकतो म्हणून 'कमल'चं 'कोमोल' होतं. तो उच्चारदोष नाही, मातृभाषा आहे. लिहिताना लिंग चुकतं, कारण बंगालीत क्रियापद लिंगानुसार बदलतच नाही. 'आई आला' लिहिणाऱ्या मुलाला लाल शाईने झोडपण्याआधी शिक्षकांना हे माहीत असलेलं बरं. तोंडी परीक्षेला थोडा जास्त वेळ द्या, आणि आजीकडून ऐकलेली गोष्ट मराठीत सांगायला लावा.

बंगाली शेजाऱ्यांसारखी बोडीत मासोळी आपणही घालू शकतो का?

हो, बोडी, म्हणजे पाणी साठवायचं लहान तळं, स्वतःच्या शेतातली असेल तर. एका एकराच्या बोडीला दोन ते तीन हजार बोटुकली पुरे. कतला चार भाग, रोहू तीन, मृगल तीन, कारण कतला वरच्या थरात चरते, रोहू मधल्या, मृगल तळाशी. स्वस्त मिळतं म्हणून मत्स्यजिरे (बोटुकलीहून खूप लहान पिल्लं) टाकू नका. आधीपासून बोडीत असलेली मरळ ते आठ दिवसांत फस्त करते. पाणी येण्याआधी तळ आटवून मरळ काढा, चुना टाका, मग जुलै-ऑगस्टमध्ये बीज सोडा. आपल्याकडच्या बोड्या मार्चनंतर आटतात, तेव्हा वजन किलोचं झालं नाही तरी फेब्रुवारीत काढायला लागा.

मामा तलावात (माजी मालगुजारी तलावात) मात्र हे करता येत नाही. त्याचा ठेका बहुधा ढीवर बांधवांच्या मच्छीमार संस्थेकडे असतो, त्यांचा तो पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आहे. तिथे परस्पर जाळं टाकलं की भांडण ठरलेलं, आणि चूक टाकणाऱ्याची.

तिबेटी मुलगी आणि मराठी मुलगा लग्न करू इच्छितात. कुठे नोंदवायचं?

विशेष विवाह कायदा, १९५४. जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेला असावा, नोटिशीनंतर तीस दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदार. तिच्याकडून आरसी आणि अविवाहित असल्याचं पत्र लागेल. लग्नाने नागरिकत्व आपोआप मिळत नाही. नोंदणीने मागण्यासाठी भारतात सात वर्षांचा वास दाखवावा लागतो. तोवर आरसीचं नूतनीकरण चालूच ठेवा. सासरी गेल्यावर 'आता ती आपलीच' म्हणून ते सोडून देणं ही नेहमीची चूक. सुनेचं नाव बदलायची हौस असेल तर ती पंक्तीत उखाण्यापुरती ठेवा, कागदावर नको.

त्यांना फुकट जमीन मिळाली, आणि आमचे धरणग्रस्त अजून फिरताहेत. हे कसं?

राग समजण्यासारखा आहे. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ ची, आणि त्यातल्या प्रकल्पग्रस्तांची गाऱ्हाणी दशकानुदशकं चालली. पण दोघांचं पुनर्वसन एकाच ताटातून वाढलेलं नव्हतं, कायदे आणि पैसा वेगळे. बंगाली कुटुंबांना मिळाली ती बहुतेक झाडी तोडून सपाट करायची पडीत जमीन. बांध्या त्यांनीच घातल्या. आणि गंमत अशी की वारस नोंद, शर्तभंग, न मिळणारी नक्कल हे धरणग्रस्त आणि बंगाली दोघांचं दुखणं अगदी सारखं आहे. तहसीलमध्ये एकाच बाकावर बसतात दोघे.

वसाहत पाहायला आलं तर चालेल का? मुलांची सहल आणायची आहे.

चालेल, आधी वसाहत कार्यालयात फोन करून. महाशिवरात्रीच्या प्रतापगड यात्रेच्या दिवसांत नको, रस्ते गाड्यांनी भरलेले असतात. डिसेंबरातही नको, निम्मी घरं बंद असतात. लोसारच्या आसपास, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, सगळे परतलेले असतात. गोंपात (बौद्ध मठात) चपला बाहेर, प्रार्थनाचक्रं घड्याळाच्या दिशेने, आत पूजा चालू असेल तर फोटो नाही. म्हाताऱ्यांना 'तिबेट कसं होतं' हा प्रश्न पोरांनी एकदम विचारू नये. चहा पुढे येईल, तो लोण्या-मिठाचा असू शकतो. पहिला घोट विचित्र लागतो. प्याला रिकामा केला की लगेच पुन्हा भरतात, म्हणून नको असेल तर थोडा ठेवून द्यायचा.